पाण्याची ड्यूटी

नंदुरबारच्या त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला बसले, आणि सातवा तांब्या अंगावर ओतते न ओतते तोच बाहेर ओट्यावर कर्रकन शिट्टी वाजली. आगगाडीच्या गार्डाकडे असते तसली, खरीखुरी पितळी शिट्टी. मला वाटलं, स्टेशन जवळ आहे, गाडी सुटली असेल. मी आठवा तांब्या ओतला. शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी चांगली लांबलचक, आणि पाठोपाठ घरमालकांचा आवाज आला, "बाई, आठ व्हयनात! सिग्नल लाल शे!"

मी तशीच गोठून बसले. अंगाला साबण, डोळ्यांत साबण. वीस वर्षांची मी, मुलींच्या शाळेत नुकती मास्तरीण झालेली, वडिलांनी चार ठिकाणी चौकशी करून "सभ्य नवरा-बायको आहेत, म्हातारी माणसं आहेत" म्हणून या घरात ठेवलेली. आणि घरमालक भिंतीपलीकडून माझे तांबे मोजताहेत!

स्वयंपाकघरातून घरमालकीणबाई कडाडल्या. त्यांना सगळी गल्ली जिजी म्हणायची. "आहो, काही लाज शे का तुम्हले? पोरगी न्हाई ऱ्हायनी आनि तुम्ही मोजी ऱ्हायनात?"

"मी पोरगी मोजत नही," घरमालक, म्हणजे नाना, अगदी शांतपणे म्हणाले. "मी तांब्या मोजस."

त्या दिवशी मी चिकट अंगानं शाळेत गेले. दिवसभर फळ्यावर लिहिताना कोपराला साबण ओढत होता.

मी सारंगखेड्याची. घराच्या मागं तापी. आमच्याकडे पाणी ही मोजायची वस्तूच नव्हती. आम्ही नदीत उतरायचो आणि भूक लागली की बाहेर यायचो. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, धुळ्याच्या हाताखालचा तालुका होता, आणि आमच्या गल्लीतली विहीर फाल्गुनातच खडखडाट करायची. पण नानांचं पाण्याचं वेड विहीर आटण्यावर अवलंबून नव्हतं. भर श्रावणात, पन्हळ धो धो वाहत असतानाही, त्यांच्या घरात तांब्या तो तांब्याच राहायचा.

नानांनी तीस वर्षं स्टेशनावर इंजिनांना पाणी पाजलं होतं. गाडी आली की ती लोखंडाची भली मोठी सोंड फिरवून इंजिनाच्या टाकीत सोडायची, चाक फिरवून पाणी चालू करायचं, टाकी भरली की बंद. एवढंच काम. रिटायर झाले तरी निळा कोट अंगावरून उतरला नव्हता. चैत्राच्या उन्हातही तो कोट, खाली धोतर, आणि गळ्यात काळ्या दोरीला ती शिट्टी. शिट्टी गार्डाची होती. ती नानांकडे कशी आली हे विचारलं की ते नुसते हसायचे. हसताना त्यांचे कान हलायचे. इतके मोठे आणि इतके मोकळे कान मी दुसऱ्या माणसाला पाहिले नाहीत, आणि त्या कानांना तीन भिंतींपलीकडे ठिबकणारा माठ ऐकू यायचा.

"इंजिन एक घोटमा आख्खी गल्ली पी जास," ते सांगायचे. सोंडेखाली घागरी घेऊन बायका उभ्या असायच्या, गळतं थोडंफार पाणी धरायला. नाना चाक बंद करायला मुद्दाम जरासा उशीर करत. टाकी वाहायची, घागरी भरायच्या, मुकादम ओरडायचा, नाना म्हणायचे चाक जाम झालंय. तीस वर्षं त्यांचं चाक जाम होतं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, जिजींनी सांगितलं. आणि लगेच म्हणाल्या, "तठे वाहू देत, आनि आठे माले शिट्टी मारतस!"

घरात पाण्याला ड्यूटी होती. तांदूळ धुतलेलं पाणी ही पहिली ड्यूटी. त्यातच भाजी धुवायची, ही बदली. मग त्याच पाण्यानं पोतेरं भिजवून जमीन पुसायची, ही दुसरी बदली. उरलेलं परसातल्या लिंबाच्या झाडाला, तिथं ते रिटायर. पहिल्याच आठवड्यात मी डाळ धुतलेलं पाणी सरळ अंगणात भिरकावलं, तर नाना छातीवर हात ठेवून मटकन ओट्यावर बसले.

"बाई! नोकरीना पहिला दिन, आनि त्याले घर धाडी दिधं?"

"नाना, पाणी आहे ते."

"मंग? त्याले काय जीव नही?"

हात धुवायला दाराशी पत्र्याचा डबा टांगलेला. त्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेलं भोक, आणि भोकात बाभळीचा काटा. काटा काढला की शिवणाच्या दोऱ्याएवढी धार येई. हात धुवायचे, काटा परत लावायचा. काटा न लावता कुणी आत गेलं तर शिट्टी. पाहुण्यांसाठी तीन पेले होते, लहान, मधला आणि मोठा. नाना ते तिन्ही पाहुण्यापुढं मांडून अतिशय आदरानं विचारायचे, "तुम्हले तहान कितली शे?" पाव, अर्धी की पूर्ण? माणसं गोंधळायची. स्वतःची तहान किती हे सांगायची सवय कुणाला असते? एकदा आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या, आणि घाबरून "मला तहान नाहीच" म्हणून परत गेल्या. उन्हातून अर्धा कोस चालत आल्या होत्या बिचाऱ्या.

अंघोळीच्या बाबतीत मी हार मानली नाही. नानांचे कान तिखट, तर मी तांब्याला बाहेरून फडकं गुंडाळलं. पाणी घेताना बादलीच्या कडेला लावायचा नाही, ओतताना मानेवरून हळू सोडायचं, घसरगुंडीवरून मूल सोडावं तसं. बारा तांबे! आवाज नाही, शिट्टी नाही. तीन दिवस मी राणीसारखी न्हाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी नाना लिंबाच्या आळ्यापाशी उकिडवे बसलेले दिसले. मोरीचं पाणी त्याच आळ्यात जायचं. त्यांनी चिखलात बोट घातलं, बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "लिंबू तीन दिनपाईन जास्त पी ऱ्हायनं."

मी हसू दाबायला गेले आणि तोंडातून विचित्र आवाज निघाला. मग नानांचे कान हलले. मग जिजी बाहेर आल्या आणि काय झालं हे न विचारताच हसायला लागल्या. आम्ही तिघं त्या लिंबापाशी पोट धरून हसत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी पाच तांब्यांत न्हायला लागले. कुणी सांगितलं म्हणून नाही. लिंबानं चुगली केली तेव्हा लाज वाटली. तर नानांनी ती बातमी अभिमानानं गल्लीभर केली. "आम्हनी बाई पाच तांब्यामा न्हास!" भाजीवालीसुद्धा मला पाच तांब्यांवाली बाई म्हणून ओळखू लागली.

नानांच्या परसात जमिनीत अर्धा पुरलेला हौद होता, लाकडी झाकणाचा, कुलूप घातलेला. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी कापडातून गाळून त्यात सोडलेलं असे. रोज सकाळी नाना कुलूप काढून बांबूची काठी आत उभी करत, ओली खूण पाहत आणि देवाला करावा तसा हौदाला नमस्कार करत. त्यातलं पाणी ऐन वैशाखातच काढायचं, तेही मापानं. हौदात किती पाणी आहे हे त्यांनी जिजींनाही कधी सांगितलं नव्हतं.

या हौदावरून शेजारच्या पिंजारी चाचांशी रोजचं भांडण. चाचांचं घर आमच्या भिंतीला लागून. पुढं पत्र्याच्या छपरात ते कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पिंजणाची तार दिवसभर टणत्कार करी आणि कापसाची पिसं उडत उडत नानांच्या परसात येत, सकाळी झाकण उघडलं की थेट हौदात.

"तुन्हा कापूस मन्हा हौदमा पडस, आनि मन्हं पानी पी जास!" नाना भिंतीवरून ओरडायचे.

"पीने दो ना नाना," तिकडून चाचा. "बेचारा प्यासा है। पूछ लो उसको, तहान कितली शे?"

हे भांडण माझ्या घड्याळासारखं होतं. ते सुरू झालं की मी शाळेला निघायची.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मला पाहायला ब्राह्मणपुरीचे पाहुणे येणार असं वडिलांचं पत्र आलं. केळीचा बागाईतदार माणूस, त्याचा मॅट्रिक झालेला मुलगा. शाळेत परीक्षा, मला रजा नव्हती, आणि पाहुण्यांचं नंदुरबारच्या जिनिंगमध्ये काम होतं. म्हणून मुलगी नानांच्याच घरी पाहायची ठरली.

मी आदल्या दिवशी नानांपुढं हात जोडले. "नाना, उद्या एक दिवस. त्यांना तहान विचारू नका. तांब्या भरून ठेवा आणि गप्प बसा."

"मी काय बावळट शे?" नाना म्हणाले. "तुन्हं लगीन शे. उद्या हौद मांगा, हौद देसु."

रविवारी दुपारी वडील पाहुण्यांना घेऊन आले. मुलाचे वडील धिप्पाड, पांढरीशुभ्र टोपी, कडक परीटघडीचं धोतर, शब्द कमी. मुलगा उंच, बराचसा घाबरलेला. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते. जिजींनी तांब्या आणि फुलपात्रं आणून ठेवली. नाना खांबाला टेकून बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात दाबले होते, पण तोंड मोकळं होतं. मुलाच्या वडिलांनी फुलपात्र भरून घेतलं, एक घोट प्याले, आणि उरलेलं ओट्यावरून सरळ रस्त्यावर फेकलं.

नानांच्या घशातून कसलासा आवाज आला. पुढच्या क्षणी ते तिन्ही पेले घेऊन पाहुण्यांसमोर उभे.

"माफ करा. पन पहिले सांगतात तं बरं व्हतं. तुम्हले तहान कितली शे?"

मी कपाळाला हात लावला. पाहुण्यांचा चेहरा लाल झाला. "आम्हना घर पाहुनाले तहान इचारत नहीत," ते जड आवाजात म्हणाले. "घागर पुढे ठेवतस."

माझे वडील काहीतरी समजावायला लागले. कुणीच ऐकत नव्हतं. तेवढ्यात नाना मुलाकडे वळले. "आनि तुम्हले?"

मुलानं तिन्ही पेल्यांकडे नीट पाहिलं. डोळे मिटून क्षणभर विचार केला. खरोखर विचार केला, पोटात डोकावल्यासारखा. मग म्हणाला, "पाऊण."

नाना थक्क झाले. "पाऊन? पाऊनना पेला मन्हाजोडे नही!"

"मग मोठा भरा आणि वरून चार बोटं रिकामा ठेवा."

इतक्या वर्षांत नानांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मोठा पेला घेतला, डोळ्यांसमोर धरून ओतला, चार बोटं ठेवली, आणि मुलानं तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन पालथा करून दाखवला. एक थेंब पडला नाही. मी दाराआड उभी होते, आणि माझं लग्न माझ्यापुरतं तिथंच झालं.

पण त्याचे वडील उठले होते. "चाल पोऱ्या. इतला अपमान बस व्हयना."

मुलगा उठला. नाइलाजानं, पण उठला. माझे वडील त्यांच्या मागं मागं, जिजी रडकुंडीला आलेल्या, आणि नाना हातात तीन पेले घेऊन मधोमध उभे. अपमान कुठं झाला हे त्या माणसाला खरंच कळत नव्हतं. पाहुण्यांनी ओट्याची पहिली पायरी उतरली तोच शेजारून चाचींची किंकाळी आली.

चाचांच्या छपरातल्या कापसानं पेट घेतला होता. विडीची ठिणगी पडली म्हणतात. वाळका पिंजलेला कापूस, वर चैत्रातलं ऊन. बघता बघता ढिगावरून जाळ पसरला आणि पत्र्याखालचे वासे पेट घ्यायला लागले. आमची भिंत लागून, पुढं सगळी गल्ली लागून. माणसं घागरी घेऊन विहिरीकडे धावली आणि रिकाम्या घागरी घेऊन परत आली.

मग शिट्टी वाजली. तशी शिट्टी मी पुन्हा कधी ऐकली नाही. नानांनी परसात जाऊन हौदाचं कुलूप काढलं, झाकण दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर आपटलं आणि ओरडले, "रांग लावा! बादली, घागर, तवली, जे व्हई ते आना! बठ्ठं पानी खुलं शे!"

कुणाला काही सुचायच्या आत माणसांची रांग उभी राहिली. हौद खोल होता, वरून हात पुरेना, भरून द्यायला आत कुणीतरी उतरायला हवं होतं. मी पाहुण्यांसाठी नेसलेल्या नव्या हिरव्या पातळासकट आत उडी मारली. पाणी कमरेपर्यंत आलं. थंडगार, वर्षभराचं साठलेलं पाणी! मी बादल्या बुडवून वर देत होते, वर जिजी, जिजींच्या पुढं माझे वडील, त्यांच्या पुढं परीटघडीचं धोतर. होय, तेच. ब्राह्मणपुरीचे पाहुणे टोपी कुठंतरी टाकून घागरी पुढं सरकवत होते आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मुलगा चाचांच्या पत्र्यावर चढला होता. आणि रांगेच्या मधोमध निळा कोट घातलेले नाना, शिट्टी फुंकत. एक शिट्टी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. मधूनच मला ओरडायचे, "अर्धी नको बाई, भर! काठोकाठ भर!"

त्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकले आणि मला त्या गडबडीतही हसू फुटलं. पाणी गुडघ्याला आलं. मग घोट्याला. मग मी ताटलीनं खरवडून द्यायला लागले. शेवटची ताटली गेली तेव्हा बाहेर नुसता ओल्या कापसाचा वास आणि वाफ होती. छप्पर गेलं, कापूस गेला. घर वाचलं, गल्ली वाचली.

मला बाहेर ओढून काढायला जो हात आला तो पत्र्यावरून उतरलेल्या माणसाचा होता, काजळीनं काळा. मुलगी पाहायला आलेल्यांनी मुलगी पाहिली ती अशी, केसांत शेवाळ, अंगावर चिखल.

नाना हौदाच्या काठावर उभे राहून आत बघत होते. बुडाला चिखल आणि चाचांच्या कापसाची चार पिसं. जिजी त्यांच्याजवळ सरकल्या. मग नानांचे कान हलले.

"तीस वरीस पानी पाजीसन धूर काढा," ते म्हणाले. "आज पानी पाजीसन धूर बंद कया."

आणि ते हसत सुटले. चाचा त्यांच्या गळ्यात पडून रडत होते, आणि नाना हसत होते, आणि त्यांचं पाहून चाचा रडता रडता हसायला लागले. हसू आवरलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचे घसे सुकलेत आणि आमच्या घरात पाण्याचा थेंब नाही. आमचा माठसुद्धा कुणीतरी आगीवर रिकामा केला होता. नानांचं तोंड उतरलं. पाहुणे दारात, आणि प्यायला पाणी नाही. हा अपमान मात्र त्यांना कळला.

तेवढ्यात चाची आपल्या मागच्या खोलीतून माठ घेऊन आल्या. तेवढाच वाचला होता. पाहुण्यांनी ओंजळ पुढं केली. चाची ओतत होत्या आणि तो धिप्पाड माणूस एकेक थेंब चाटूनपुसून पीत होता. मग ओल्या मिशा पुसून माझ्या वडिलांना म्हणाला, "पोरगी पसंत शे का नही ते मन्हा पोऱ्या सांगी. माले हाऊ म्हातारा पसंत शे."

दोन दिवसांनी वडिलांनी सारंगखेड्याहून बैलगाडी धाडली, पिंपांत तापीचं पाणी भरून. नाना गाडीपुढं वहाणा काढून उभे राहिले. पिंपं हौदात ओतली, काठी बुडवली, नमस्कार केला. आठवड्यात चाचांनी नवं छप्पर घातलं आणि त्याच सकाळी कापसावरून भांडण सुरू झालं. मला शाळेला जायला उशीर झाला नाही.

लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला गेले. मोटेची विहीर, पुढं तिच्यावर पंप, केळीला पाट सोडलेले. तिथंही मी तांदळाचं पाणी फेकत नाही म्हणून सासूबाईंनी सुरुवातीला डोक्याला हात लावला होता.

पुढं साठ सालानंतर कधीतरी नंदुरबारला आमच्या त्या गल्लीत नळ आला. मी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन नाना-जिजींना भेटायला गेले. परसात दगडी फरशी घातली होती, फरशीच्या वर कमरेएवढ्या उंचीवर पितळी तोटी. नाना वाकले होते, कोट सैल झाला होता. लेक सरळ तोटीखाली जाऊन बसली. नानांनी तोटी जराशी सोडली. तिनं धारेवर चापट मारली, पाणी उडालं, ती खिदळली. मी शिट्टीची वाट पाहत होते. नानांनी तोटी आणखी सोडली. तिनं आणखी चापट्या मारल्या. नाना पूर्ण भिजले, आणि तिच्यासारखेच खिदळायला लागले. पाणी फरशीवरून वाहत परसभर गेलं.

स्वयंपाकघराच्या दारात जिजी उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या बघत राहिल्या. मग हात न धुता त्या आल्या, नऊवारी लुगड्यासकट तोटीखाली मांडी घालून बसल्या, लेकीला मांडीवर घेतलं आणि डोक्यावरचा पदर मागं टाकून वर पाहिलं.

"आते माले," त्या म्हणाल्या.

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोटी पार शेवटपर्यंत फिरवली. जिजींचा श्वास अडकला, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की भिंतीपलीकडे चाचांचं पिंजण थांबलं. पांढरे केस पाठीवर चिकटले, कुंकू गालावर ओघळलं, मांडीवर लेक दोन्ही हातांनी पाणी उडवत होती. नाना तोटी धरून तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळानं जिजींनीच डोळे उघडले आणि म्हणाल्या, "बस."